माझ्यामागे आईनं काय बोलायचं नाही

मी, वय एकेचाळीस, धंदा चष्मे बनवण्याचा, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. थकले आहे, पण थकलेल्या माणसालाही मृत्युपत्र करता येतं, असं वकीलबाईंनी सांगितलं.

राहतं घर आणि खालचं दुकान आईला, ती असेपर्यंत. तिला तिथून कोणी हलवू नये. माझ्या डायलिसिसच्या खाटेपाशी बसून थोरला भाऊ म्हणाला, "तुझ्यामागे आहेच कोण? घर शेवटी माझ्याच पोरांचं." त्याला काही नाही. आईनंतर घर त्याच्या मुलीला, तिच्या एकटीच्या नावे. बापाचा राग पोरीवर कशाला काढू.

पेचकसांचा डबा शेजारच्या घड्याळवाल्याला. तो मागून नेतो आणि दरवेळी एखादा कमी करून परत देतो. आता निदान सगळे एका ठिकाणी राहतील.

काडीमोड झालेल्या नवऱ्याला काही ठेवलेलं नाही. "तुम्ही मायलेकींनी मला फसवलंत," म्हणाला होता. फसवलं नव्हतं. सातव्या वर्षी माझ्या एका मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. ते मूत्रपिंड काढलं, मग पोटावर किरणं दिली; उरलेलं दुसरं आता बंद पडलंय. संमतीची सही आईनं केली. सोळावं सरलं तरी पाळी येईना, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाळी आली आणि आईला वाटलं, पोरगी पार बरी झाली. मुलाकडच्यांना तिनं तसंच सांगितलं, अगदी मनापासून. लग्नानंतर सोनोग्राफीत कळलं की गर्भाशय लहान मुलीचं असतं तेवढंच राहिलंय आणि अंडाशय त्या किरणांनी कधीच निकामी झालेत. पाळी होती ती नुसती गोळ्यांची. मला मूल हवं होतं. फार हवं होतं. हे कुठेतरी लिहायचं राहिलं होतं.

तेव्हापासून आई मला जेवायला वाढताना, माझे केस विंचरताना एकच म्हणते, "मी ती सही करायलाच नको होती." ऐकून ऐकून कान किटले. अगं, सही केली नसतीस तर मी आठ वर्षांचीही झाले नसते. तुझ्याशी इतकी वर्षं भांडलं कोण असतं?

म्हणून घर एका अटीवर. हे वाक्य तिनं माझ्यामागे पुन्हा काढायचं नाही. काढलं तर घर जाईल.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, ही अट कायद्यात टिकणार नाही."

मी म्हटलं, "राहू द्या. आईला कुठे कायदा कळतो."

लिहून देणार: मी स्वतः (सही)
आमच्या समक्ष सही झाली: समोरचा औषधवाला (सही), डायलिसिसच्या सिस्टर (सही)
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: आज मंगळवार, डायलिसिस नसलेला दिवस