दोनशे बारा वेळा क्षमा

४ ऑक्टोबर, रविवार
आज चर्चमध्ये प्रवचनात पाळक म्हणाले की, प्रभूची शिकवण ऐकायला हलकी असते, घरी न्यायला जड. तेव्हा प्रत्येकाने एकच शिकवण निवडावी आणि ती महिनाभर आचरावी. इतरांची कुवत ध्यानात घेऊन ते तसे म्हणाले असावेत. मी पाच निवडल्या आहेत.

प्रवचनात पाळकांनी सात वेळा ‘ॲक्चुअली’ म्हटले. क्षमा केली. म्हणजे आरंभ झालाच.

ही नवी वही त्यासाठीच. ती मजखेरीज कोणी वाचणार नाही. तथापि शुद्धलेखनात सूट नाही.

हिला पाचही संकल्प सांगितले. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, पाच कशाला, एकच करा, धाकट्या भावजींशी बोला. तो विषय कोणत्या शिकवणीखाली घ्यावा हे अद्याप ठरलेले नाही, असे मी सांगितले.

५ ऑक्टोबर, सोमवार
पुतणी लग्नाची पत्रिका देऊन गेली. लग्न २४ तारखेला, शनिवारी. मी घरीच होतो, परंतु स्नानगृहात; आणि ती जाईपर्यंत तेथेच राहणे मला योग्य वाटले.

ती हिला सांगून गेली की, लग्न आटोपले की बाबा परदेशी, मोठ्या ताईकडे जाणार. कायमचे. ३१ तारखेला, सकाळी आठच्या विमानाने.

दिवे लावताना ही म्हणाली, अहो, अकरा वर्षं झाली. आता चार आठवडेच आहेत.

पत्रिकेत एक चूक आढळली. लाल पेनाने खूण करून पत्रिका फ्रिजवर लावली.

६ ऑक्टोबर, मंगळवार
प्रकरणाची वस्तुस्थिती स्वतःपुरती नोंदवून ठेवतो.

आईच्या अंत्यविधीत शास्त्रवाचन धाकट्याकडे दिले होते. वास्तविक थोरला मी. शिवाय चाळीस वर्षे छापखान्याची मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासण्यात घालवलेला. त्याने पहिल्या सहा ओळींत चार चुका केल्या, एक ओळ तर गाळलीच. मी पहिल्या बाकावरून प्रत्येक चूक तत्काळ आणि सौम्य स्वरात दुरुस्त केली. चौथ्या दुरुस्तीनंतर त्याने पुस्तक मिटले व तो बाहेर निघून गेला. उरलेला भाग मी वाचला. निर्दोष वाचला. तेव्हापासून त्याने माझ्याशी एक वाक्यही उच्चारलेले नाही.

अपराध कोणाचा, हे उघड आहे. परंतु शिकवण अशी की, भावाला सात वेळा नव्हे, सत्तर वेळा सात क्षमा करावी. म्हणजे चारशे नव्वद. एवढी मोठी संख्या नोंदीशिवाय सांभाळणार कशी, याविषयी पाळक काही बोलले नाहीत. मी यादी करीन.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
यादी पूर्ण. धाकट्याचे अपराध, जन्मापासून आजवर: दोनशे बारा. उदाहरणार्थ, क्र. १७: माझ्या पेनाचे निब मोडून वर टोपण लावून ठेवणे. क्र. ८८: माझ्या लग्नाच्या फोटोत हसणे, तेही इतरांना हसवून. क्र. २०९: वाचन अर्धवट टाकून जाणे.

प्रत्येकापुढे ‘क्षमा’ असे लिहून सही केली. मनगट दुखत आहे, पण मन हलके झाले. अद्याप दोनशे अठ्ठ्याहत्तर जागा शिल्लक आहेत. धाकट्याने काळजीचे कारण नाही.

हिने खांद्यावरून वाचले आणि विचारले, अहो, ही क्षमा आहे की आरोपपत्र?

१० ऑक्टोबर, शनिवार
दुसरी शिकवण: उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. सकाळी कोणाच्याही नकळत संपूर्ण जिना झाडला. अर्धा तास झाडू घेऊन खाली उभा राहिलो, परंतु कोणी आले नाही. शेवटी वरच्या मजल्यावरचा सुतार उतरला. म्हणाला, काय काका, घरातून हाकललं का काकूंनी?

दुपारी ही वही हिच्या नजरेस पडेल अशी टेबलावर उघडी ठेवली. निव्वळ योगायोगाने आजचेच पान वर होते. हिने त्यावर गरम पातेले ठेवले.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
सुतार गॅलरीत लाकूड तासतो. आज भुसा थेट माझ्या डोळ्यात. दुसऱ्याच्या डोळ्यातला कण काढण्यापूर्वी आपल्या डोळ्यातला ओंडका पाहावा, अशी शिकवण आहे. परंतु येथे त्याचेच लाकूड माझ्या डोळ्यात असल्यामुळे ती लागू होत नाही. म्हणून भांडायला गेलो.

माझी चार वाक्ये पूर्ण होण्याआधीच त्याने मला स्टुलावर बसवले, मान मागे केली आणि रुमालाच्या टोकाने कण काढला. म्हणाला, आता वाहू द्या पाणी. आणि तासभर काही वाचायला जाऊ नका काका, पाणी भरलं की अक्षरं दिसत नाहीत.

त्याचे म्हणणे खरे निघाले. वर्तमानपत्र पाहिले तर अग्रलेख म्हणजे नुसती काळी पट्टी. त्याला क्षमा केली, पण त्याच्या अठरा वेळा आता झाल्या आहेत हे त्याला कळवले.

१७ ऑक्टोबर, शनिवार
धाकट्याला क्षमापत्र लिहिले. पाचवा खर्डा. तीन परिच्छेद, सोबत यादी. वाक्यरचना इतकी नेटकी आहे की ते पाठवून टाकण्याचे जिवावर येते.

लग्नात समक्ष देईन, म्हणजे पाकीट लागणार नाही. एरवी ड्रॉवरमध्ये पाकिटांना तोटा नाही. नोकरीत असताना तपासलेली मुद्रिते पाठवताना मी सोबत माझा पत्ता घातलेले परतीचे पाकीट जोडत असे, म्हणजे पुढचे मुद्रित नेमके माझ्याकडेच यावे. सेवानिवृत्त झालो तेव्हा साठेक उरली. सर्वांवर माझे हस्ताक्षर. एकही खाडाखोड नाही.

ही म्हणाली, भावजींचं घर चालत वीस मिनिटांवर आहे. आज जा, पाणी प्या आणि बोला. मी समजावले की बोललेले वाक्य मागाहून तपासता येत नाही. ती म्हणाली, तेच तर.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार
उद्याची योजना. शिकवण क्रमांक चार: मेजवानीला गेल्यावर मानाच्या जागी बसू नये, शेवटच्या जागी बसावे, मग यजमान येऊन सर्वांसमक्ष म्हणतो, मित्रा, वर येऊन बस.

यजमान धाकटाच. म्हणजे त्याला यावेच लागेल, बोलावेच लागेल. पहिले वाक्य त्याचे. मग मी उठेन, खिशातून क्षमापत्र काढीन. सभागृह स्तब्ध होईल. उठावे कसे याचा आरशासमोर सराव केला. गुडघा वाजतो, परंतु दुरून ऐकू येणार नाही.

२४ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी ४
सभागृहात शेवटचे टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी होते. तेथेच बसलो. ही पुढे बसली; म्हणाली, मला गुडघ्यांचं नाटक जमायचं नाही.

पावणेदोन तास कोणीही मला वर बोलावले नाही. दार उघडले की माझ्या पाठीवर आदळत होते. पुढच्या टेबलावर माझ्या नावाची खुर्ची रिकामी होती. तीवर कोणाची तरी पर्स ठेवलेली. सूप माझ्यापर्यंत आलेच नाही. फोटोग्राफरने मला जरा बाजूला व्हायला सांगितले.

सगळे जेवून गेले तेव्हा दार पुन्हा आदळले आणि बाहेर आला तो धाकटा. बाह्या दुमडलेल्या, कमरेला ॲप्रन, कानावर पेन्सिल, हातात दोन थाळ्या. सकाळपासून तो आत वाढप पाहत होता म्हणे. त्याच्या घरी यजमान शेवटी जेवतो. एक थाळी माझ्यापुढे सारून तो शेजारी बसला. म्हणाला, दादा, जेव.

हे वाक्य माझ्या योजनेत नव्हते. त्यामुळे घाईने क्षमापत्र काढून त्याला वाचून दाखवले, यादीसह. त्याने भात खात सर्व ऐकले. निबाच्या वेळी हसला. क्र. २०९ आला तेव्हा घास खाली ठेवून म्हणाला, दादा, त्या दिवशी मला दिसत नव्हतं रे.

तेवढ्यात आतून कोणीतरी त्याला हाक मारली. त्याने माझ्या हातून पत्र घेतले, कानावरची पेन्सिल काढून मागे काहीतरी खरडले, पत्र माझ्या खिशात परत खुपसले आणि माझा खांदा दाबून आत गेला.

२५ ऑक्टोबर, रविवार
यादीत भर. क्र. २१३: आईच्या अंत्यविधीला चष्मा न आणणे. क्र. २१४: क्षमापत्र परत करणे, आणि स्वच्छ प्रतीच्या मागे खरडणे. दोन्ही क्षमा. पत्र ड्रॉवरमध्ये टाकले. मागचे वाचले नाही. मजकूर काय असणार ते ठाऊक आहे.

चर्चमध्ये पाळकांनी विचारले, संकल्प कसा चालला आहे. मी म्हणालो, पाचपैकी साडेचार.

२६ ऑक्टोबर, सोमवार
हिला क्र. २१३ वाचून दाखवला. ती म्हणाली, अहो, भावजींना चष्मा लागला तो मागच्या वर्षी.

यादीतली त्याच्या चष्म्याची नोंद तपासली. ती म्हणते ते बरोबर आहे.

मग दिसत का नव्हते?

दुपारी ३. वर सुतार तासत आहे. गॅलरीत बसलो होतो. त्याने वरून विचारले, काका, डोळा बरा आहे ना? वाचता येतं ना आता?

दुपारी ३.१०. आई गेली तेव्हा तो तिच्या उशाशी होता. मी छापखान्यात होतो.

त्याला चष्मा नव्हता. पाणी होते.

२७ ऑक्टोबर, मंगळवार
यादी फाडली. दोनशे चौदा.

नवे पत्र लिहिले. एकच ओळ: ‘त्या दिवशी तू रडत होतास आणि मी तुला टोकत होतो, चूक माझी.’ खर्डा केला नाही. पुन्हा वाचले नाही. ही म्हणत होती, अहो, चालत जा, वीस मिनिटं. परंतु तेथे पोहोचेपर्यंत मी त्या ओळीत सुधारणा केल्या असत्या. ड्रॉवरमधून पाकीट ओढले, चिकटवले, तिकीट लावले आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकले. आयुष्यात प्रथमच काही न तपासता पाठवले.

त्याच्या हाती शुक्रवारपर्यंत पडेल. फार हलके वाटते.

३० ऑक्टोबर, शुक्रवार
धाकट्याकडून काही नाही. जिन्यात पाऊल वाजले की मी उठतो. गुडघाही वाजतो. सुतारच असतो.

पत्र वाचून तो गप्प राहिला असेल. अकरा वर्षांची सवय. तक्रार नाही.

३१ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी आठला विमान गेले. ही आणि मी गॅलरीत उभे होतो. आकाशात काहीही दिसले नाही.

सव्वाअकराला पोस्टमन आला. पत्र माझ्या नावाचे. हस्ताक्षर सुरेख, पत्ता निर्दोष, एकही खाडाखोड नाही. मी हिला म्हणालोही, कोण हा इतका व्यवस्थित मनुष्य?

ती म्हणाली, तुम्ही.

परतीचे पाकीट. चार दिवस शहर फिरून ते नेमके माझ्याकडेच आले.

हिने फोडले, ती एक ओळ वाचली आणि चहा ठेवला. मी ड्रॉवरमधली उरलेली सर्व परतीची पाकिटे केराच्या टोपलीत टाकायला काढली. त्यांच्याखाली क्षमापत्र होते, पालथे पडलेले. मागे पेन्सिलीने परदेशातला एक पत्ता होता, पाच ओळींचा. त्याखाली: ‘दादा, इथे लिही. चुका काढल्यास तरी चालेल.’

सहा दिवस ते माझ्या ड्रॉवरमध्ये होते.

दुपारी हिला म्हणालो, एक कोरे पाकीट आणून दे. तिने आणले आणि पेन उघडून माझ्यापुढे धरले. मी म्हणालो, पत्ता तूच घाल. आणि मला तपासायला देऊ नकोस.