नांदुऱ्याचं तिकीट

सुरत

माय,

हे पत्र मी टाकणार नाही, तरी लिहून राह्यलो.

बाबानं घरात पाय ठेवू नये, असा कागद तू मामाकडं राहून कोर्टातून काढला. पोलीस ठाण्याचा जमादार तो बाबाले बजावाले दोनदा आपल्या घरी धामणगावले गेला, तर घराले कुलूप. मंग त्यानं मले फोन लावला, "तुहा बाप कुठी हाय बे?" मी म्हटलं, माहीत नाही. बाबा समोरच लसूण सोलत बसले होते.

वीस दिवस ते माह्याच खोलीवर होते. तुहा कान फोडला त्याच हातानं माह्यासाठी भाकरी करत होते. मी जेवत गेलो.

काल जमादार म्हणाला, "कागद त्याच्या हाती पडल्याबिगर तुही माय घरी कशी येईन?"

आज मी बाबाले म्हटलं, घरी जा, कपाशी वेचाले आली. गावाजवळच्या टेसनाचं, नांदुऱ्याचं तिकीट मीच काढलं. डब्याचा नंबर जमादाराले कळवला.

गाडी हलली तवा बाबा खिडकीतून म्हणाले, "दोन भाकरी झाकून ठेवल्या, खाऊन घेजो."

त्या खाऊनच हे लिहून राह्यलो. उद्या फोनवर तुले एवढंच सांगन, माय, आता घरी जाय.

तुहा,
गोकुळ