दादाचा डावा हात

प्रिय वहिनी,

हरलो. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. साठी उलटलेल्यांच्या टेबल टेनिसमध्ये मिश्र दुहेरीत दुसऱ्याच फेरीत गारद झालो, आणि तेही अशा जोडीकडून, जिला मागच्या खेपेला आम्ही हसत हसत हरवलं होतं. परतीची तिकिटं मात्र शेवटच्या दिवसाची काढलेली. त्यामुळे आता रोज सकाळी उठून यायचं आणि लोकांच्या सामन्यांना टाळ्या वाजवायच्या, एवढंच काम उरलंय. एवढा खर्च करून परदेशात आलो ते टाळ्या वाजवायला.

आत्ता मी हॉलच्या गॅलरीत बसून लिहितेय. खाली कितीतरी टेबलांवर एकाच वेळी सामने चालू आहेत आणि सगळ्या चेंडूंचा मिळून पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज होतोय. जगभरातली पांढऱ्या केसांची माणसं गुडघ्यांना पट्टे बांधून एकमेकांवर तुटून पडली आहेत. दादा खाली कठड्याशी उभा आहे, मला फक्त त्याची पाठ दिसते. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दादा तर सतत आसपास असतो. मेसेज पाठवला तर तू अर्धा वाचून लगेच फोन लावणार, आणि तो नेमका तोच उचलणार. आमच्या चमूतले बँकवाले पहिल्या फेरीत हरले, थंडीला कंटाळले आणि उद्याच परत निघतायत. त्यांच्या हाती हे देते. बोलघेवडे आहेत, पण दुसऱ्याचं पाकीट फोडणारे नाहीत.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला, तो नेहमीचा नव्हता. एरवी वन्सं वन्सं करून माझी टर उडवणारी तू, त्या दिवशी एकही थट्टा केली नाहीस. निघायच्या आदल्या दिवशी दादाने तुला सांगितलं म्हणे, की परगावच्या एका निवासी अकादमीत पोरांना शिकवायला बोलावलंय, तिथेच खोली घेऊन राहणार, आणि तू यायची गरज नाही, तुला तिथलं जमायचं नाही. एवढ्या वर्षांनी बायको नकोशी झाली असेल तर माणसाने तसं तोंडावर सांगावं, असं तू म्हणालीस. त्याला जा म्हणून मोकळीही झालीस. तेव्हा मी तुला शब्द दिला की कारण काढून घेते.

तर कारण कळलंय. पण सरळ लिहायला घेतलं की पेन अडतं. म्हणून मला जसं कळलं तसंच सांगते.

खरं म्हणजे निघण्याआधीच मला शंका यायला हवी होती. दादा आपल्या बॅटला कुणाला हात लावू देत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जुनं रबर सोलायचं, लाकडाला गोंद लावून तो सुकू द्यायचा, नवं रबर दोन्ही हातांनी धरून अलगद टेकवायचं, आणि मग वरून लाटणं फिरवून हवा काढायची. तुझी किती लाटणी या कामी गेली असतील. या खेपेला त्याने बॅट दुकानदाराकडे टाकली. मी टोचलं, की आता सर्व्हिस पण दुकानदारच करणार का, तर म्हणाला, डोळे लागत नाहीत गं. मी विश्वास ठेवला. विमानात चहा आला तेव्हा त्याने कप अर्धाच भरा म्हणून सांगितलं. इथे उतरल्यापासून डावा हात सारखा जाकिटाच्या खिशात. पण एवढ्या थंडीत सगळ्यांचेच हात खिशात असतात, त्यात काय बघायचं.

आमच्या खुणा तुला माहीत नसतील. लहानपणी अण्णांच्या कारखान्याच्या क्लबात, कोपरा उडालेल्या टेबलावर आम्ही त्या ठरवल्या. दुहेरीत जो सर्व्हिस करतो तो आधी टेबलाखाली मोकळ्या हाताने जोडीदाराला सांगतो की चेंडू कसा टाकणार. कारण तो टाकणार एक, आणि परत आलेला मारायचा दुसऱ्याने. आमचं साधं होतं. एक बोट स्थिर धरलं की चेंडू जाळीजवळ आखूड. तेच बोट हलवलं की लांब आणि जोरात. आखूड म्हटला की मी पुढे सरकायचं, लांब म्हटला की मागे. इतकी वर्षं झाली, आमच्यात भांडणं झाली, अबोला झाला, पण ही खूण एकदाही चुकली नाही. अण्णांच्या घराच्या वाटणीवरून आम्ही बोलत नव्हतो त्या वर्षीसुद्धा टेबलाखाली बरोबर बोलत होतो. तेव्हा तूच म्हणायचीस, तुमच्या तोंडापेक्षा तुमची बोटं शहाणी.

सामन्याच्या दिवशी पहिल्या गेमपासून दादा लांब सर्व्हिसची खूण करत होता आणि चेंडू टाकत होता आखूड. मी मागे सरकलेली, आणि परत आलेला चेंडू जाळीपाशी मरून पडायचा. एकदा झालं, दोनदा झालं. मला वाटलं, समोरच्यांना फसवायचा याचा नवा डाव आहे आणि मला सांगायचा राहिलाय. त्यात ती पंच. नातीच्या वयाची पोर, अगदी नम्र. सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावर क्षणभर स्थिर ठेवावा लागतो, मग वर उडवायचा, असा नियमच आहे. दादा तर तो क्षण मुद्दाम ताणायचा आणि समोरच्याचा जीव टांगणीला लावायचा. आता तो चेंडू हातावर टेकतोय न टेकतोय तोच उडवत होता. तिने एकदा समज दिली, दुसऱ्यांदा गुण समोरच्यांना दिला. आणि वहिनी, ज्या दादाने जन्मात कधी पंचाशी वाद घातला नाही, तो त्या पोरीवर ओरडला. ती बिचारी लालबुंद झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेम संपल्यावर टॉवेल घ्यायला गेलो तेव्हा मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, गाढवा, एकदा काय ते ठरव, लांब सांगतोस आणि आखूड टाकतोस, मी काय ज्योतिषी आहे? तो टॉवेलमध्ये तोंड खुपसून उभा होता. तसाच हळूच म्हणाला, मी बोट हलवत नाहीये गं.

मला आधी कळलंच नाही. मग मी त्याच्या हाताकडे पाहिलं. टॉवेलची कड त्याच्या हातात होती आणि ती कड आपोआप हलत होती.

पुढचे गेम कसे खेळले ते विचारू नकोस. मी एकदाही खाली पाहिलं नाही, अंदाजाने सरकत राहिले. हरलो, हस्तांदोलन केलं, दादाने त्या पोरीची जाऊन माफी मागितली. मग बॅगा ठेवायच्या खोलीत बाकावर बसलो. बूटसुद्धा काढले नाहीत. तोच म्हणाला, अण्णांचंच दुखणं आहे, कंपवात, डॉक्टरांकडे जाऊन आलो. उन्हाळ्यात तो बॅटचं रबर आणायला म्हणून दोनदा शहरात गेला होता बघ, तेव्हाच. आतापर्यंत डावाच हात आहे, पण पुढचं काय ते आपण दोघांनी घरातच पाहिलंय, असं म्हणाला.

आपण दोघांनी म्हणाला तो, पण अण्णांचं सगळं तू केलंस. आम्ही नुसतं पाहिलं, मी तर तेही सुट्टीत येऊन. आई आधीच गेलेली, दादाची नोकरी फिरतीची, आणि तू दूरध्वनी कार्यालयातली पक्की नोकरी सोडून घरी बसलीस. अण्णांची दाढी तू करायचीस, चमच्याने भरवायचीस, त्यांचे शब्द तोंडातल्या तोंडात विरायला लागले तरी तुला कळायचे. त्यांना पलंगावरून उठवता उठवता तुझी कंबर गेली ती गेलीच. आणि सगळं आटोपल्यावर, अण्णांचा तो तोटीचा कप घासून माळ्यावर टाकताना, तू हसत हसत म्हणालीस की बाई, आता मी कुणाचं काही करणार नाही, आता मी आजारी पडणार आणि तुमच्याकडून करून घेणार. आम्ही सगळे हसलो होतो. चेष्टाच होती ती, निदान मी तरी तसंच समजले. दादाने ते शब्द इतकी वर्षं जपून ठेवलेत. बाकावर बसून त्याने मला ते जसेच्या तसे म्हणून दाखवले. म्हणाला, तिचं अर्धं आयुष्य माझ्या बापाने खाल्लं, उरलेलं मी कसं खाऊ?

वहिनी, अशी कुठली अकादमी नाही. परगावी एक जागा आहे, एकट्या माणसांना ठेवून घेतात, वेळेवर खायला देतात, पुढे लागलं तर धुणंपुसणंही करतात. तो एकदा जाऊन बघून आलाय. खोलीला खिडकी आहे म्हणाला, जणू काही मोठं सुख सांगतोय. तुला राग आला तर बरंच, रागात माणसाला सोडून राहणं सोपं जातं, असा त्याचा हिशेब. आपला दादा एवढा शहाणा आणि एवढा मूर्ख कसा असू शकतो, मला कळत नाही. मी त्याच्यावर रागावले, रडले, पण तो ढिम्म हलला नाही. उलट मलाच शपथ घातली की तुला यातलं अक्षर सांगायचं नाही. मी हो म्हटलं, कारण त्या वेळी दुसरं काही म्हणवेना. ती शपथ आता मोडतेय. त्याला कळलं तर तो माझ्याशी पुन्हा बोलायचा नाही.

तू पुन्हा सगळं कर, असं सांगायला मी हे लिहिलेलं नाही. एकदा केलंस ते एका जन्माला पुरे आहे. तू नको म्हणालीस तर मी तुला एका शब्दाने दोष देणार नाही. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, तो माझ्याकडे येईल, परक्यांत जाणार नाही. पण त्याने ठरवलंय की तुला विचारायचंच नाही. विचारलं तर तू हो म्हणशील याची त्याला भीती वाटते, आणि नाही म्हणशील याचीही. अण्णांच्या वेळीही तुला कुणी विचारलं नव्हतं, सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. या वेळी तरी तसं होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण ते तू म्हण. आम्ही रविवारी दुपारी घरी पोचतो.

तुझीच,
धाकटी नणंद