माझी आई तिथेच राहते

ता. ९ फेब्रुवारी
सोमवार, सकाळ

चि. ढब्ब्या,

बरा असशील, घसा सांभाळून असशील. बाहेर सगळे तुला साहेब म्हणतात, पण पाकिटावर साहेब लिहिलंय तेवढं पुरे. आत तू ढब्ब्याच. फोन केला असता, पण हल्ली तुझा फोन तुझा सहायक उचलतो. मी चार शब्द बोलले की तो मलाच तुझं भाषण ऐकवतो आणि ठेवून देतो. म्हणून हे पत्र. तुझ्या बायकोच्या हातात देणार आहे. ती ते तुझ्या ताटाशेजारी ठेवेल आणि वाचेपर्यंत तुला उठू देणार नाही.

माझं ठीक चाललंय. शिलाईचं मशीन कुरकुर करतं, पण पडद्यांची कामं येत असतात. आईबद्दल तू निरोप पाठवला होतास, त्याचं उत्तर देतेच. आधी बाकीचं.

परवाची सभा आम्ही टीव्हीवर पाहिली. काय बोललास रे! कचरा डेपो धुमसायचा आणि आपण तोंडाला ओला रुमाल बांधून शाळेत जायचो, ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू सांगितलंस त्यातलं बरंचसं खरं आहे. ती आग तू विझवलीस. रंगाच्या कारखान्याचं पाणी नदीत जायचं, ते धमक्या पचवून तू अडवलंस. डेपोवर माती घालून वनराई केलीस, तिच्या कडेला वसाहत बांधलीस. आता महापौर झालास की शहरातल्या उरलेल्या डेपोंवरही हेच करणार. कुणीतरी गर्दीतून ओरडलं, तिथं राहणं धोक्याचं नाही का? तू छातीवर हात ठेवलास आणि म्हणालास, "माझी स्वतःची आई तिथेच राहते!" केवढ्या टाळ्या पडल्या.

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुन्हा सोडलं.

त्या घरात राहायला गेलो तेव्हा ती किती खूश होती, आठवतं ना? मुंग्या नाहीत, माश्या नाहीत, भिंतीवर पाल नाही. "घर असावं तर असं," म्हणायची. मग एकदा साखरेचा डबा दिवसभर उघडा राहिला आणि एक मुंगी फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम उंबऱ्यापाशी चिमूटभर साखर टाकली. ती तशीच पडून राहिली, पुढचे कित्येक दिवस. "जिथं मुंगीसुद्धा पाऊल ठेवत नाही, तिथं आपण कशाला आलो गं?" आईनं विचारलं. मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच.

तुझ्या वनराईत एकदा गाड्या-माणसं न घेता दुपारचा ये. झाडं हिरवीगार आहेत, बाक रंगवलेले आहेत, आणि आवाज म्हणून नाही. पक्षी आहेत, नाही असं नाही. ते कुंपणाबाहेरच्या तारेवर ओळीनं बसतात, आत तोंड करून. आत मात्र येत नाहीत. गळलेली पानं कुजत नाहीत. गेल्या वर्षीचं पान उचललं तर आत्ता पडल्यासारखं सबंध.

आमच्या खिडकीसमोरच्या झाडाच्या बुंध्यावर एक गाठ होती. आई रोज त्या झाडाशी दोन शब्द बोलायची. एक दिवस दुपारची झोप झाल्यावर खिडकीशी गेली आणि म्हणाली, "हे ते नाही." मी पाहिलं. तेवढंच उंच, तेवढंच हिरवं. मला वाटलं, वय झालं, चालायचंच. त्याच आठवड्यात समोर तुझा मोठा फलक लागला. तो बघून म्हणाली, "हाही आपला नव्हे. गालावरचा तीळ कुठाय?" तेव्हा मात्र हसू आलं. तुझा तीळ पुसणाऱ्या त्या फोटोवाल्याला माझा नमस्कार सांग.

पुढे एकदा वर्तमानपत्रवाले वनराईच्या पाहणीला येणार होते. आदल्या दुपारी मी जागी राहिले. वसाहत झोपली होती. ठेकेदाराचा टेम्पो आला. दोन माळ्यांनी समोरचं झाड मुळा उपटावा तसं उपसलं. मुळं कुंडीच्या आकारात तशीच होती, बाहेर गेलीच नव्हती. आणि टोकं वर वळलेली होती रे, बुंध्याकडे. खाली जायचं नाही म्हणून सगळी मागे फिरलेली.

मी बाहेर जाऊन विचारलं. माळी म्हणाला, "ताई, पाहुणे येतायत. हिरवं दिसलं पाहिजे, एवढंच आम्हाला सांगितलंय."

"अहो, पण जुनं झाड..."

"जुनं कसलं? हेही गेल्याच महिन्यात आणलेलं."

तुला हे ठाऊक आहे की नाही, मी विचारणार नाही. ठाऊक असलं तर वाईट, आणि नसलं तर काय म्हणायचं!

आता मधल्या खोलीबद्दल. तिथली एक फरशी दुपारी वाजायची. टक्, आणि थोड्या वेळानं परत टक्. एकदा मी काम सोडून आत गेले, तर आई जमिनीवर बसून त्या फरशीला थोपटत होती. तुला लहानपणी थोपटायची, अगदी तसंच.

"काय करतेस?"

"हळू बोल. खाली कुणीतरी दमून झोपलंय. श्वास ऐकू येतो बघ."

मी हात ठेवला. फरशी कोमट होती. आणि देवाशपथ सांगते, ती हलली. अगदी थोडीशी वर आली आणि खाली बसली. या शहरानं पिढ्यान्‌पिढ्या जे जे नको म्हणून टाकलं, ते सगळं आमच्या पलंगाखाली होतं आणि ते मेलेलं नव्हतं. आई थोपटत राहिली. मी तिला उठवलं तर तोल जाऊन माझ्या अंगावर आली. ओठ निळे पडलेले.

डॉक्टरांनी विचारलं, घराखाली काय आहे? मी म्हटलं, माझ्या भावाचं काम आहे. ते म्हणाले, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण खाली कोंडलेला वायू भेगांमधून घरात येत असणार. यांना लवकरात लवकर हलवा.

हे मी तुला कळवलं. त्यावर तुझा निरोप आला: "मतदान होऊ दे. तोवर आईला हलवू नकोस. विरोधक तुटून पडतील."

ढब्ब्या, आईला मी शुक्रवारीच हलवलं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे आहोत. परवा तू छातीवर हात ठेवून ते वाक्य बोललास, तेव्हा आई इथं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच्या पलंगावर बसून तुला पाहत होती. तिच्या ओठांचा रंग परत आलाय. डोकं अजून दुखतं.

तू पडावंस असं मला मुळीच वाटत नाही. तो दुसरा निवडून आला तर पुन्हा डेपो धुमसेल, नदी पुन्हा लाल होईल, आणि कुणाला त्याची लाजही वाटणार नाही. पण त्या वसाहतीत इतरांच्याही आया आहेत. तुझी आई राहते म्हणूनच आम्ही आलो, असं शेजारीण मला कौतुकानं सांगायची. बुधवारी वनराईत तुझी शेवटची सभा आहे. तिथं स्वतःच्या तोंडानं सांग, की जमीन तपासून घेतो, तोवर सगळ्यांना दुसरीकडे ठेवतो. मतं जातील तेवढी जाऊ देत. आणि ते वाक्य परत बोललास, तर मी समोर बसलेली असेन आणि उठून उभी राहीन.

~~एवढी खात्री असेल तर घर रिकामं आहे. किल्ली पाठवते, तू जाऊन राहा. मधल्या खोलीत झोप.~~

वरच्या ओळी मी खोडल्यात, वाचता येतात ते माहीत आहे. आत्ता हे सगळं आईला वाचून दाखवलं. मुंग्या, झाड, डॉक्टर, तुझा निरोप, सगळं तिनं ऐकून घेतलं. एवढ्याच ओळींशी तिनं माझा हात धरला. "ते खोड आधी. त्याला तिथं झोपायला पाठवू नकोस. लेकराच्या जिवाला काही झालं म्हणजे? निवडणुका काय, येतील नि जातील."

म्हणून किल्ली पाठवत नाही. तुझ्याबद्दल तिला जे लगेच सुचलं, ते तिच्याबद्दल तुला अजून सुचायचं आहे.

आईचे आशीर्वाद तुला आहेतच. माझे बुधवारच्या सभेनंतर.

ताई