नावातून दत्तू काढताना

७ जानेवारी, तळेगाव
बँकेतल्या पोरीनं ई-मेल विचारला. सांगितला. "गणपतदत्तू? दत्तू कोण, आजोबा?" भाऊ, म्हटलं.
तांदूळ विकायला दोघांनी मिळून काढलेला पत्ता. गावात कुणी आम्हाला सुट्या नावानं हाक मारलीच नाही, मग बैलजोडीसारखी दोन्ही नावं जुंपली. आता त्यानं गावच्या, बेडशातल्या जमिनीतला त्याचा हिस्सा बंगलेवाल्यांना विकला. खळं त्याच्या वाटणीत, पण मळणी दोघांची. खळ्यावर जेसीबी उभा राहिला तेव्हा मला कळलं.

९ जाने.
सूनबाईला, मनीषाला म्हटलं, बंद कर हा पत्ता, नवा काढ. मग आठवलं, सुमतीची पत्रं त्यातच. ती सांगायची, मी टाइप करायचो, लेकीला नाशिकला. "लिवा, तुज्या बापाला चष्मा सापडत न्हाई, डोक्यावरच हाय." जशीच्या तशी लिहायचो. ती गेली, आता तिचं बोलणं तेवढंच उरलं. बंद नको.
मनीषा म्हणाली, "आबा, हल्ली नुसतं नाव बदलता येतं. आतलं सगळं राहतं."

११ जाने.
बदललं. नुसतं 'गणपत' कुणीतरी आधीच घेतलेलं. 'गणपतबेडसे' मिळालं. राहतो तिसऱ्या मजल्यावर, म्हणे बेडसे!
आधी सुमतीची पत्रं पाहिली. आहेत. चष्माही आहे.
"पण आबा, जुन्या नावावर आलेलंही इथंच येणार. ते तुमच्याकडंच राहतं." म्हणजे तो सुटत नाहीच.

१५ जाने.
दत्तूचा फोन, वलवणहून. लेकीकडं असतो.
"दादा, माजं नाव काडलंस म्हनं?"
"व्हय. तू खळं काढलंस."
"आरं, ई-मेल काय सातबारा हाय व्हय?" हसला.
फोन ठेवला. हसणं अजून शाळेतलंच. कविता म्हणायला उभा राहिला की अर्ध्या ओळीवर अडायचा, मग असाच हसायचा. मागच्या बाकावरून मी पुढचं पुटपुटायचो. गुरुजींची छडी मात्र मला. सगळी शाळा, दारची ती चिंच, कवितेचा तो सूर… असो.

१८ जाने.
मेल. जुन्या नावावर. दत्तूची. माफी नाही, खळ्याचा शब्द नाही. त्याच कवितेची अर्धी ओळ, तो अडायचा तिथंच थांबलेली.
मनीषानं विचारलं, "डिलीट करू?"
"राहू दे."
पुढची ओळ येते मला. दिवसभर तोंडात आहे. लिहिलेली नाही.