बोडीच्या पाळीवरचा कॅमेरा

कामिनी बेटा,

वाघाच्या सर्वेचा कॅमेरा आज साकोलीले परत नेऊ नको. रात्रीचे फोटो काळे आले, त्यात तुझ्या सेटिंगचा दोष नाही. तो ज्या लाल लाइटानं अंधारात पाह्यते, त्यावर म्याच चिखल थापला होता.

चाळीस वर्षं सांगून राहिलो, बोडीवर पाणी प्यायले वाघ येते अन् मले तंबाखू मागते. फोटोत नुसती डुकरं निघाली असती तर? तू आठ दिवस स्वतःले दोष देत रडली, अन् मी चूप बसलो. चुकलं माझं.

आज पाळीवर, बांधाच्या ओल्या मातीत, खरंच वाघाचा पंजा उमटला आहे. त्यावर घमेलं पालथं घातलं आहे. राखण करायले तिथंच जातो.

माझ्यावर विश्वास ठेवू नको. येऊन घमेलं उचल.

तुझा आजा