कोरी घरं

४ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आईचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नका, आणि ढग बघायला तुम्हीही सारखे गच्चीवर जाऊ नका. तुम्ही निवृत्त झालात हे गच्चीला अजून कळलेलं दिसत नाही.

मुद्द्यावर येते. सोमवारपासून हवामान खात्यात संप आहे आणि मी त्यात आहे. तुमच्या जुन्या वेधशाळेत आजही एकच निरीक्षक, म्हणजे मी. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला तापमान वाचून वहीत लिहायचं. रविवार नाही, आजारपण नाही. दुसरा माणूस द्या म्हणून चार वर्षं अर्ज केले. उत्तर आलं ते संपाची नोटीस दिल्यावर: सरकारी नोकरांना संपाचा हक्क नाही, नोकरी जाईल. तुम्ही रागवाल, पण रागावून का होईना, लिहा.

लोभ कमी करू नये.
तुमची ठकू

९ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

आईचा गुडघा बरा आहे, माझं डोकं ठणकतंय. त्याच खोलीत मी एकतीस वर्षं काढली, वहीत एक घर कोरं सोडलं नाही. पगार लोकांचा घ्यायचा आणि काम लोकांचंच बंद पाडायचं, हा हक्क कायद्याने दिला नाही तो उगीच नाही. कारखान्याचा राहिलेला माल उद्या काढता येतो. गेलेल्या सकाळचं तापमान तू कुठून आणशील? कामावर जा.

जेवतेस ना, असं आई विचारते आहे. मीही विचारतो.
बाबा

२१ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

जेवते. संप अकरा दिवसांनी मिटला, दुसरा निरीक्षक मंजूर झाला. रोज साडेआठला मी फाटकाबाहेर उभी राहायचे आणि हात शिवशिवायचे. तुमचा प्रश्न फार लागला. पण बाबा, आम्ही हे काम थांबवणार नाही, याच भरवशावर आमचे अर्ज पडून होते.

काल साहेबांनी बोलावलं. म्हणाले, अकरा दिवसांचे आकडे अंदाजाने भरून सही कर, तुझ्यावरची कारवाईची नोटीस मागे घेतो. मी नाही म्हटलं. बावीस घरं कोरी ठेवली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘संप’. आता बुधवारी चौकशी आहे, नोकरी जाऊही शकते. त्याहून जास्त वाईट वाटतं ते तुमच्या वह्यांशेजारी माझी ही वही ठेवताना.

रागावलात तरी आठवण असू द्या.
ठकू

२५ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

वाईट वाटून घेऊ नकोस. कपाटातून तुझ्या जन्माच्या वर्षाची माझी वही काढून ठेव. तुझ्या जन्मदिवसाचा सकाळचा आकडा खोटा आहे. आई दवाखान्यात होती. रजा नव्हती, बदली माणूस नव्हता. फाटकाला कुलूप लावून मी धावलो आणि दुपारी परत येऊन अंदाजाने आकडा लिहिला. हे मी तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. दुसरा माणूस मागायची हिंमत मला एकतीस वर्षांत झाली नाही. तुला झाली, आणि वर तू खोटं लिहिलं नाहीस. पोरी, तुझा फार अभिमान वाटतो.

मंगळवारी येतो. बुधवारी ती वही घेऊन मीही साहेबांपुढे बसणार. संपाचा हक्क कायद्यात नाही, तो असायला हवा, असं सांगणार. मग त्यांच्यासमोर तो आकडा माझ्या हाताने खोडणार आणि शेऱ्यात लिहिणार: निरीक्षक गैरहजर, मुलगी झाली.

स्टेशनवर येऊ नकोस, वाट पाठ आहे.
तुझा बाबा